नव्या घरात पांढऱ्या सेजची जुडी जाळावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनमध्ये जुनं घर घेतलं. आधीचे मालक, एक वयस्कर गृहस्थ, गेल्या वर्षी त्याच घरात वारले हे खरेदीच्या कागदांतून कळलं. एजंटबाईंनी किल्ल्यांबरोबर भेट म्हणून पांढऱ्या सेजची, म्हणजे इथल्या एका उग्र वासाच्या झुडपाच्या वाळलेल्या पानांची, जुडी दिली आणि ती पेटवून धूर खोल्याखोल्यांतून फिरवला की घर शुद्ध होतं असं सांगितलं. आता जुडी कोणत्या दिशेने फिरवायची, मंत्र कोणता म्हणायचा, सेजच्या धुराने हवेतले ९४ टक्के जंतू मरतात हे खरं का, आणि सासूबाई वास्तुशांतच करा म्हणतात तर दोन्ही केलं तर चालेल का? घरात आठ महिन्यांचं बाळ आहे आणि यजमानांना दमा आहे.

मी पुण्यात पौरोहित्य शिकले आणि गेली एकवीस वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत वास्तुशांत, उदकशांत, सत्यनारायण सांगते. शनिवारी सकाळी इथल्या देशी झाडांच्या एका बागेत मातीकाम करते, आणि माझ्या स्वतःच्या अंगणात पांढऱ्या सेजची तीन झुडपं आहेत. हा प्रश्न मला वर्षातून सात-आठ वेळा तरी येतो, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

आधी उत्तर. ती जुडी जाळू नका. घराला धूप दाखवायचा तर आपला दाखवा, आणि तोही तुमच्या घरी दाराबाहेरच. वास्तुशांत जरूर करा, सासूबाईंचं बरोबर आहे.

पांढरा सेज म्हणजे साल्व्हिया एपियाना. तुळशीच्याच कुळातला आहे, पान चुरडलं की हे नातं नाकाला कळतं, फक्त वास जास्त उग्र आणि कापराकडे झुकणारा. पानांवर बारीक लव असते, त्यामुळे अख्खं झुडूप लांबून राखेत लोळल्यासारखं पांढुरकं दिसतं. वसंतात माणसाहून उंच तुरे येतात आणि त्यांच्यावर मोठे काळे भुंगे घोंगावतात. फुलाची घडणच अशी आहे की ते नीट उघडायला भुंग्यासारखं जड अंग लागतं. जगाच्या पाठीवर हे झुडूप आपणहून उगवतं ते दक्षिण कॅलिफोर्नियात आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, बस्स. तुमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर सँटा ॲना डोंगराच्या पायथ्याला गेलात तर वाटेच्या कडेला दिसेल.

या पट्ट्यात हजारो वर्षं राहणारे लोक आहेत: चुमाश, टोंग्वा, अहाचेमेन, काहुइया, लुइसेन्यो, कुमेयाय. 'होते' म्हणत नाही, आहेत. तुमचं घर ज्या जमिनीवर आहे ती टोंग्वा आणि अहाचेमेन लोकांची. चुमाश भाषेत या झाडाला खापशिख म्हणतात. बिया दळून खायच्या, कोवळे देठ सोलून खायचे, पानं सर्दीपडशाला घ्यायची, आणि विधीत धूर करायचा. स्वयंपाकघर, औषध आणि देवकार्य या तिन्ही ठिकाणी लागणारं एकच झाड, म्हणजे आपल्याकडे तुळस आणि हळद एकत्र केल्यावर जे होईल ते. त्यातही रीत सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेतल्या शेकडो आदिवासी समाजांपैकी कित्येकांच्या मुलखात हे झाड उगवतच नाही. कुणी गोड वासाचं गवत जाळतात, कुणी देवदाराची पानं, कुणी तंबाखू वाहतात.

एजंटबाईंना बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट यापुढची आहे. १८८३ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने आदिवासींसाठी गुन्ह्यांची एक संहिता लागू केली. तिच्यात त्यांचे धार्मिक नाच आणि जाणत्या वैदूंचे विधी गुन्हे ठरले. शिक्षा काय, तर शिधा बंद किंवा कैद. मुलांना दूरच्या बोर्डिंग शाळांत नेलं, तिथे स्वतःच्या भाषेत बोलायची बंदी. त्यांच्या धर्माचरणाला संरक्षण देणारा कायदा आला तो १९७८ साली. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या माणसाच्या तरुणपणी. गोव्याच्या लोकांना हे लगेच समजतं, कारण १७३६ मध्ये तिथल्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या घरांतून तुळस हद्दपार केली होती. आता कल्पना करा की तुळस लावल्याबद्दल ज्यांच्या आजोबांना शिक्षा झाली, त्यांच्यासमोर कुणी रानातली तुळस मुळासकट उपटून, रंगीत दोरा बांधून, दुकानात साबणाशेजारी मांडली. मला ही कल्पना सहन होत नाही.

मुळासकट उपटणं हे मी अलंकारासाठी लिहिलेलं नाही. रँचो कुकामोंगाच्या उत्तरेला नॉर्थ एटिवांडा नावाचं सुमारे १२०० एकरांचं राखीव रान आहे, पांढऱ्या सेजने भरलेलं. तिथे गोण्या भरभरून चोरटी तोड होते. २०१८ च्या जूनमध्ये चार जणांना ४०० पौंड, म्हणजे १८० किलोंच्या आसपास, तोडलेल्या सेजसकट पकडलं होतं. तुमची जुडी साधारण दोन-तीन तोळ्यांची असेल, त्यावरून हिशेब करा. बाजारातल्या जुड्या बहुतेक रानातूनच येतात असं इथले आदिवासी कार्यकर्ते आणि देशी झाडांवर काम करणारे लोक सांगतात. पाकिटावर 'नैतिक मार्गाने मिळवलेला' असं छापलेलं असतं, पण ते कुणी तपासलं हे पाकिटावर नसतं.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी मीही अशी जुडी विकत घेतली होती. वास आवडला, आपल्या धुपासारखंच काही आहे असं वाटलं, आणि एका वास्तुशांतीत ऊद संपला म्हणून वापरलीसुद्धा. पुढे बागेत काम करताना एका वयस्कर काहुइया बाईंना पानं खुडताना पाहिलं. त्या आधी झुडपापाशी उभ्या राहिल्या, हलक्या आवाजात काही बोलल्या, मग एका झुडपाची दोन पानं, पुढच्याची दोन, अशी मूठभरसुद्धा नाहीत एवढी खुडली. जुडी नाहीच. त्यांच्या घरी एक पान पुरतं. माझी आजी सूर्यास्तानंतर तुळशीला हात लावू द्यायची नाही आणि सकाळीही आधी नमस्कार करून मगच पान खुडायची, ते मला तिथे उभ्याउभ्या आठवलं. त्या दिवसानंतर मी सेज विकत घेतला नाही.

यावर मला नेहमी एक प्रश्न येतो आणि तो चुकीचा नाही. आपण जो ऊद घालतो तोही आपल्या रानातला कुठे आहे? खरंच नाही. ऊद किंवा लोबान म्हणून आपल्याकडे जी राळ मिळते ती मुख्यतः सुमात्राच्या झाडांची. अरब व्यापारी तिला 'लुबान जावी', जावाचा लोबान, म्हणायचे. पण उत्तर सुमात्रातले बटाक शेतकरी ती झाडं राखतात, सालीला खाचा पाडून राळ काढतात आणि स्वतः विकतात. शेकडो वर्षांचा व्यापार आहे, त्यात त्यांची मर्जी आहे आणि त्यांचं पोट आहे. सेजच्या बाबतीत ज्यांचं झाड आहे ते लोक विकू नका, जाळू नका असं उघड सांगताहेत. फरक एवढाच आहे आणि मला तो पुरेसा वाटतो. उलट आपल्या घरातही एक गोष्ट बघायला हवी, ती म्हणजे गुग्गुळ. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातलं ते झाड अतिसंकटग्रस्त यादीत आहे, कारण जास्त डिंक काढण्यासाठी त्याला खोल खाचा पाडतात आणि झाड मरतं. मी होमात गुग्गुळ घालणं बंद केलं आहे. यजमानांनी आग्रह धरला तर गव्हाच्या दाण्याएवढा घालते.

आता ते ९४ टक्के. हा आकडा लखनौचा आहे! तिथल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी बंद खोलीत लाकूड आणि हवनसामग्री तासभर जाळली आणि हवेतल्या जिवाणूंची संख्या ९४ टक्क्यांहून जास्त घटलेली आढळली. त्यात सेज नव्हता. सेज विकणाऱ्यांनी आपल्या हवनाचा आकडा उचलून आपल्या मालाला चिकटवला आणि तो फिरून आपल्याच लोकांकडे आला. पण यावरून हवनाचा धूर आरोग्याला चांगला असा अर्थ कुणी काढू नये. ज्या धुरात जिवाणू कमी होतात त्याच धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. दम्याच्या माणसाला ऊद काय, सेज काय आणि उदबत्ती काय, सगळा धूर सारखाच त्रास देतो. आठ महिन्यांच्या बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद चालतो, त्यामुळे त्याच्या फुप्फुसात धूर जास्त जातो. बाळंतिणीला ओवा-शेपाची धुरी द्यायचो ना, असं सासूबाई विचारतील. ती कौलारू, चहूकडून वारा खेळणाऱ्या घरांत द्यायचो. तुमचं घर वातानुकूलित आणि खिडक्या बंद असलेलं आहे, इथे धूर आला की तो संध्याकाळपर्यंत तिथेच.

मग शुद्धीचं काय, हा खरा प्रश्न. आपल्या पूजेत धूप दाखवताना जो श्लोक म्हणतात तो ऐका: 'वनस्पतिरसोद्भूतो गंधाढ्यो गंध उत्तमः। आघ्रेयः सर्वदेवानां धूपोऽयं प्रतिगृह्यताम्॥' झाडाच्या रसातून झालेला, उत्तम गंधाचा, सर्व देवांनी हुंगावा असा हा धूप स्वीकारा. कुणाला हाकलायची भाषा त्यात नाही. धूप म्हणजे पाहुण्यापुढे ठेवलेलं अत्तर. घरात काहीतरी 'नकारात्मक' साठलं आहे आणि धुराने ते पळवायचं, हा विचार या श्लोकात कुठेच नाही. आपल्याकडे दृष्ट काढतात, ती बहुतेक वेळा माणसाची काढतात, मीठ-मोहरीने, आणि दोन मिनिटांत चुलीत टाकून मोकळे होतात.

वास्तुशांतीचा मुख्य मंत्र ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला आहे: 'वास्तोष्पते प्रतिजानीह्यस्मान्त्स्वावेशो अनमीवो भवा नः।' हे वास्तूच्या स्वामी, आम्हाला ओळख. आमचा प्रवेश सुखाचा होवो, आम्हाला रोग नसो. पुढे दोन पायांच्या आणि चार पायांच्या सगळ्यांचं भलं मागितलं आहे. यातलं 'प्रतिजानीहि' मला फार जवळचं वाटतं. नव्या जागी गेल्यावर आपण आधी स्वतःची ओळख करून द्यायची, जागेला ताकीद द्यायची नाही. म्हणून माझ्याकडे संकल्प सांगताना देशकाल उच्चारतो तेव्हा मी त्या जमिनीच्या मूळ लोकांचं नावही घेते. शास्त्रात अमेरिका खंडाचा उच्चार कसा करावा यावर पुरोहितांत वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण टोंग्वा आणि अहाचेमेन ही नावं घ्यायला कुठलं शास्त्र आड येत नाही.

आणि ते आजोबा. इथल्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत घरात कुणी वारलं असेल तर विकणाऱ्याला ते सांगावं लागतं, म्हणून तुम्हाला कळलं. आपल्या वाड्यांत तर प्रत्येक खोलीत कुणीतरी जन्मलेलं आणि कुणीतरी गेलेलं असायचं, आणि त्याच खोलीत पुढच्या वर्षी लग्नाची हळद लागायची. म्हातारा माणूस आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर गेला, याहून बरं मरण कोणतं? त्याने घर विटाळत नाही. तरी मनात येतं, बाळाला त्या खोलीत निजवताना हात थबकतो, हे मी समजू शकते. त्यासाठी आपल्याकडे धूर नाही, पाणी आहे. तेराव्यानंतर आपण उदकशांत करतो ती तशीच. कलशातलं पाणी मंत्रांनी भारलं की दर्भाने सगळ्या घरात शिंपडायचं, कोपरे, उंबरठे, कपाटांच्या आतसुद्धा. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी उदकशांत सांगून घ्या.

आणखी एक गोष्ट करा. तर्पणाच्या शेवटी, ज्यांचं आपलं काही नातं नाही त्यांच्यासाठीही ओंजळभर पाणी सोडतात. त्या गृहस्थांसाठी ते सोडा. वडील हयात असताना मुलाने तर्पण करू नये असं मानणारी बरीच घरं आहेत. तुमच्याकडे तसं असेल तर त्या खोलीत तेलाचा दिवा लावा आणि त्यांचं नाव घेऊन, तुमच्या घरात आम्ही राहायला आलो आहोत, एवढं मराठीत सांगा. गेल्या वर्षी एका घरी असंच केलं. यजमानीणबाई दिवा लावताना हमसून रडल्या आणि मग म्हणाल्या की आता इथे झोप लागेल. त्यांच्या स्वतःच्या वडिलांना शेवटचं भेटता आलं नव्हतं, हे नंतर चहाच्या वेळी कळलं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. धूप दाराबाहेर, दिवेलागणीला. गोवरीचा लहान तुकडा अंगणातच पेटवा, ज्वाळा पूर्ण बसून नुसती धग राहिली की धुपाटण्यात ठेवा, खाली दोन बोटं वाळू असू द्या. चिमूटभर ऊद पुरे. उंबरठ्यावर उजवीकडून फिरवून दाखवा, देवाचं नाव घ्या, झालं. यजमान आणि बाळ त्या वेळी मागच्या खोलीत, दार लावून. धूप घेऊन घरभर फिरायचं नाही, त्यामुळे दिशेचा प्रश्न उरत नाही. पाणी शिंपडताना मात्र देवघरापासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या दिशेने जा. दुकानात मिळणाऱ्या झटपट पेटणाऱ्या कोळशाच्या चकत्या घरात कधीच वापरू नका, त्यांच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास.

होम मागच्या अंगणात करू. यजमानांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायचं, संकल्प आणि पूर्णाहुती त्यांच्या हातून, मधल्या आहुत्या तुम्ही द्या. नाहीतर मागे थोडं दूर बसून त्यांनी नुसतं 'न मम' म्हणावं. त्यांचं श्वासाचं औषध खिशात हवं, आत औषधांच्या कपाटात नको. समिधा मी मोजून आणते. धूर जास्त झाला म्हणून पुण्य जास्त मिळत नाही, तूप नीट वितळलेलं असलं की अग्नी स्वच्छ जळतो.

धूर ओळखणाऱ्या गजरावर पिशवी बांधू नका. आमच्या लोकांत ही खोड सर्रास आहे. एका घरी सहा महिन्यांनी सत्यनारायणाला गेले तर वास्तुशांतीच्या दिवशी बांधलेली पिशवी तशीच होती, आणि खाली लहान मुलाचा पलंग. आत धूर केलाच नाही तर गजर वाजणारही नाही.

तारखेचं सांगते. सप्टेंबरच्या शेवटापासून पुढे हिवाळाभर इथे सँटा ॲना वारे सुटतात, कोरडे, गरम, वाळवंटाकडून समुद्राकडे. आपली नवरात्र-दिवाळी नेमकी त्यात येते आणि सगळ्यांना गृहप्रवेश तेव्हाच हवा असतो. आगीचा लाल इशारा असेल त्या दिवशी मी बाहेर होम करत नाही, मुहूर्त कितीही चांगला असो. तेव्हा दुसरा दिवस आधीच धरून ठेवा. होमाची राख वरून थंड दिसली तरी आत निखारा दिवसभर जिवंत राहतो. ती पाण्याच्या बादलीत बुडवायची आणि दुसऱ्या दिवशी झाडांना घालायची, कचऱ्याच्या डब्यात नाही.

राहिली ती जुडी. तिला निर्माल्यासारखं वागवा. दोरा सोडा, बहुतेक वेळा तो कृत्रिम धाग्याचा असतो, आणि पानं अंगणातल्या एखाद्या झाडाच्या बुंध्याशी मातीत पुरा. एजंटबाईंना दुखवायची गरज नाही. भेट मनापासून होती. पुढच्या ग्राहकाला जुडीऐवजी रोप द्या, असं त्यांना जरूर सुचवा.

तुम्हालाही तेच सुचवते. देशी झाडांच्या रोपवाटिकेत एक गॅलनच्या कुंडीत पांढरा सेज मिळतो, तो बियांपासून किंवा छाटापासून तयार केलेला असतो. पहिल्या पावसानंतर, नोव्हेंबरच्या सुमाराला लावा. दिवसभर ऊन आणि पाणी न साठणारी जागा हवी. घराच्या भिंतीपासून निदान पाच फूट लांब लावा, वणव्याच्या ठिणग्यांसाठी तो पट्टा मोकळा ठेवावा लागतो. खत नको, शेणखतसुद्धा नको. पहिलं वर्ष मुळं धरेपर्यंत माती कोरडी झाली की पाणी घाला. दुसऱ्या उन्हाळ्यापासून हात आखडता घ्या, कारण गरम मातीत पाणी साठलं की मुळं कुजतात. तुळशीला रोज पाणी घालायची आपली सवय इथे आड येते, माझी पहिली दोन झुडपं अशीच गेली.